मुक्यानं आणलेलं अस्तर

वाकळ बघायला आलेल्या बायका नेहमी ठिगळंच बघत. हा खणाचा तुकडा कुणाचा, तो काठ कुठल्या लुगड्याचा, लालाशेजारी पिवळं कसं उठून दिसतंय. आमची आत्या त्यांचं सगळं ऐकून घ्यायची, मग वाकळेच्या पोटात दोन बोटं रोवून म्हणायची, "ह्याचं इचारा की. वरचं समदं ह्याच्या जिवावर हाय."

ह्याचं म्हणजे अस्तराचं. आत्या ठिगळं दोन्ही अंगांना लावायची, त्यामुळे ज्या कापडावर सगळी वाकळ उभी, ते मधलं कापड एकदा शिवलं की कुणाच्या नजरेला पडत नसे. सोलापुरात आम्ही गिरणीच्या चाळीत राहत होतो. वडील गिरणीत, आई माझ्या लहानपणीच गेलेली, आणि विधवा आत्या आमचं घर सांभाळून चाळीतल्या बायकांच्या वाकळा शिवायची. त्यात तिचा हात धरणारी दुसरी कुणी नव्हती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

अस्तर निवडायची तिची रीत मला आजही पाठ आहे. कापड आधी गालाला लावायचं. मग दारात जाऊन उन्हात धरायचं. चाळणीतून यावं तसं ऊन आलं तर ते गेलंच म्हणून समजा. मग कानाशी नेऊन हलकंच ताणायचं. नवं कापड कुरकुरतं, विरलेलं चरचरतं, आणि जे दोन्हींच्या मधलं असतं ते गप्प बसतं. गप्प बसेल ते अस्तर. गिरणीतून आणलेलं कोरं मांजरपाट तिला दाखवलं की ती नाक मुरडायची. त्यात खळ भरलेली, सुई आत जायला कुरकुरते, आणि पहिल्या धुण्याला ते आटतं. शेजारच्या एकीनं हट्टानं मांजरपाटाचं अस्तर घालून घेतलं होतं. पहिल्या पावसाळ्यात भिजून त्या वाकळेचा पार पापड झाला. घोंगडीच्या तुकड्यात सुया मोडतात, रेशमी कापड ठिगळांखालून सरकतं. सगळ्यांत चांगलं म्हणजे सात-आठ वर्षं अंगावर वागवलेलं सुती लुगडं. तेसुद्धा ती आधी मोठ्या पातेल्यात पापडखार घालून उकळायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि मगच कात्री लावायची. "काय आटायचं ते आदीच आटून घिऊ दे," म्हणायची. "मागनं रडन्यात मजा न्हाय."

मी दहा-अकरा वर्षांची असताना माझी ताई बाळंतपणाला आली. तिला मोहोळला दिलेली. तिची पहिली दोन बाळं पाचवीच्या आत गेली होती. ही तिसरी खेप. ताई आधी फार बोलकी होती, इतकी की वडील म्हणायचे हिच्या तोंडाला गिरणीसारखा भोंगा लावा, म्हणजे सुट्टी तरी होईल. आता ती दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायची. बाळासाठी टोपडं शिवू का, असं आत्यानं विचारलं तर तिनं नुसती मान हलवली. घरात बाळाचं नावसुद्धा कुणी काढत नव्हतं. भीती अशी बसली होती की आम्ही भांडीसुद्धा हळू ठेवायचो.

मग एक दिवस आत्यानंच ठरवलं, ह्या बाळाची वाकळ मागून आणलेल्या कापडाची करायची.

ज्या घरात बाळं टिकत नाहीत तिथे हे करतात. वरची ठिगळं पाच घरांची चालतात. अस्तर मात्र एकाच बाईचं हवं, आणि ती बाई अशी, की जिला झालेलं एकूण एक लेकरू जगलं आहे. मागायला बिनलग्नाची मुलगी जाते, अनवाणी. कापड तिच्या ओच्यात पडलं की तिनं मागं वळून बघायचं नाही, आणि ते शिवणारीच्या मांडीवर ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द काढला तर त्या बाईनं दिलेलं बळ त्या शब्दाबरोबर निघून जातं. आणि ते कापड धुवायचं नाही. धुतलं तर बळ पाण्याबरोबर जातं.

ठिगळं अर्ध्या दिवसात जमली. अशी बाई सापडेना. आत्यानं आमच्या चाळीतली एकेक खोली बोटांवर मोजली. हिची दोन गेली, तिचं एक गेलं, ही नुसती पोरं मोठी झाल्याचं सांगते पण मधलं एक सांगत नाही. साऱ्या चाळीत एक बाई निघाली नाही. शेवटी आत्याला पलीकडच्या गल्लीतली अक्का आठवली. ती विणकराची बायको, घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मोडकं मराठी. तिला सात लेकरं झाली होती आणि सातही घरात हुंदडत होती.

त्या हिवाळ्यात शहरात पुन्हा पिलेगचे उंदीर पडायला लागले होते. आमच्या बाजूला अजून नव्हते, पण रोज कुणीतरी नवी बातमी आणायचं. घरात उंदीर आपणहून मरून पडला की ते घर सोडायचं, हे पाळण्यातलं पोर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आधी उंदीर, मग माणसाला ताप, मग काखेत नाहीतर जांघेत गाठ. ज्यांना जमे ते माळावर झोपड्या घालून राहत. घरातलं कापडलत्तं जाळून टाकत.

मी सकाळीच गेले. अक्काच्या पुढच्या खोलीत हातमाग होता आणि तिचा नवरा विणत बसला होता. माझं अनवाणी येणं आणि परकराचा ओचा बघूनच तिनं ओळखलं. ती आत कापड शोधायला गेली तेवढ्यात तिच्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं माझा परकर पकडला. नुकती चालायला लागली होती. तोंडाला भात लागलेला, तो तिनं माझ्या परकराला पुसला. मी सोडवायला गेले तर तिनं दुसऱ्या हातानंही धरलं.

"आवडली तू तिला," अक्का हसत म्हणाली. तिनं निळं सुती लुगडं आणलं होतं, लाल काठाचं. "सातजन ह्याच्यावरच निजले, अम्मा. ने. तुझ्या ताईचंबी निजेल."

लुगडं माझ्या ओच्यात पडलं. मी धाकटीची बोटं एकेक करून सोडवली, दाराकडे वळले, आणि दाराच्या फळीमागे, सुताच्या कांड्यांच्या टोपलीशेजारी, मला तो दिसला.

मोठा उंदीर होता. रक्त नाही, चावल्याची खूण नाही. तोंड उघडं, आणि मागचा एक पाय अजून हलत होता. धाकटी माझ्या मागे दुडदुडत येत होती. तिच्यात आणि त्या टोपलीत चार हातांचंही अंतर नव्हतं.

"काय झालं?" अक्कानं मागून विचारलं. "काय विसरली काय?"

एक शब्द बोलायचा होता. "उंदीर" एवढाच. किंवा नुसतं बोट दाखवायचं. ते तर नियमातही बसत होतं, पण हे मला सुचलं ते कितीतरी वर्षांनी. तेव्हा मला फक्त भिंतीला टेकून बसलेली ताई दिसत होती. मी मागे न बघता मान हलवली. अक्काला रीत ठाऊक होती, तिला वाटलं मी मुकेपण पाळतेय. तिचं हसणं मागून ऐकू आलं. मी उंबरा ओलांडला आणि घरापर्यंत पळत सुटले.

आत्याच्या मांडीवर कापड ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "झालं. आता बोल."

मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात ताईनं ते लुगडं ओढून घेतलं, तोंडाला लावलं आणि हुंगलं. "आत्या, वास बघ गं," ती म्हणाली. "लेकरांचा वास येतोय ह्याला." ती रडत होती आणि हसतही होती. कितीतरी महिन्यांत ती आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

मी तोंड मिटलं. सांगितलं तर आत्या ते कापड चुलीत घालणार, आणि दुसरी अशी बाई कुणाला ठाऊक नाही, बाळ जाणार. न सांगितलं तर पिलेगच्या घरातलं कापड बाळाच्या अंगाखाली, बाळ जाणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मी काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला दोरा आणायला पेठेत पाठवलं, तोही एका ठराविक दुकानातूनच, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या. मी परत आले तोवर अस्तर कापून, टाचून तयार होतं. आत्याच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. ते मी पाहिलं, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक वेळी सुई देऊन झाली की मी मोरीत जाऊन हात धुवायची.

"सोवळी झालीस व्हय गं?" आत्या चिडवायची. "उद्या मला बी शिवू नगंस."

मी रोज सकाळी आंघोळीच्या वेळी माझ्या काखा चाचपून बघायची. जेवताना घास फिरायचा. आत्याचे टाके मात्र नेहमीसारखे मुंगीच्या रांगेगत सरळ चालले होते, आणि ते निळं लुगडं हळूहळू ठिगळांखाली दिसेनासं झालं. शेवटचा कोपरा झाकला गेला तेव्हा मला वाटलं, आता हे जगात मला एकटीला माहीत आहे.

वाकळ पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळ झालं. मुलगा. वाकळेवरच निजवला त्याला. घरात कुणी जवळपास नसलं की मी त्याचे इवले हात वर करून काखा बघायची, मग जांघा बघायची. ताईला वाटायचं मावशीला बाळाचं किती वेड. पाचवी झाली आणि ताईनं पहिल्यांदा पोटभर खाल्लं. सगळं घर मोकळं झालं, वडिलांनी पेढे आणले. मी पेढा हातात धरून बसले होते, तो वितळून चिकट झाला.

सातव्या दिवशी सकाळी बाळाच्या कपाळाला हात लावला तर ते तापलेलं होतं.

मी धावत चुलीपाशी गेले. आत्या भाकरी थापत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. उंदीर, टोपली, हलणारा पाय, सगळं. आत्याचे हात भाकरीवर थांबले.

"कवाचं म्हनालीस?"

"कापड आणलं त्या दिवशीचं."

ती उठली, आत गेली, बाळाला हात लावला, त्याच्या काखा बघितल्या. मग शेगडी उचलून लांब ठेवली. ताईनं थंडी वाजेल म्हणून ती बाळाच्या उशाशीच आणून ठेवली होती. थोड्या वेळात बाळाचं अंग निवलं. आत्या परत चुलीपाशी आली आणि अगदी हळू, ताईला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"मी उकळलंय ते कापड."

मला कळेना.

"तुला दोऱ्याला धाडलं न्हाय का? तवाच. पापडखार घालून दोनदा उकळलं. धुवायचं नसतंय, ठावं हाय मला. पर न आटवलेलं अस्तर ह्या हातानं शिववंना. निळा रंग उतरलेला दिसला न्हाय तुला? तवापासनं मी बी भ्यालेलीच हाय. म्हनलं, बाळाला काय झालं तर ते माझ्यामुळं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ताईला सांगू नगंस."

मला हसू फुटलं आणि रडू फुटलं. इतके दिवस एका वाकळेच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत होतो. मी तिच्या पाठीला मिठी मारली. त्या क्षणाइतकं हलकं मला पुढे कधी वाटलं नाही, आणि ते फार तर पाच श्वास टिकलं.

"आन अक्काला?" आत्यानं विचारलं.

"अक्काला काय?"

"घरात उंदीर पडलाय म्हनून अक्काला सांगितलंस का न्हाय?"

"बोलायचं नव्हतं की, आत्या."

"तवा न्हवतं. नंतर?"

खरं उत्तर असं होतं की ते माझ्या मनातच आलं नव्हतं. इतके दिवस मी भीतीनं जेवले नव्हते, पण सगळी भीती आमच्या एका बाळाची. ज्या घरानं कापड दिलं, त्या घरातल्या सात लेकरांची मला एकदाही आठवण झाली नव्हती. आत्यानं मला मारलं नाही. मारायला हवं होतं.

तिनं तवा उतरवला आणि आम्ही तशाच निघालो. पिलेगच्या घराची काढतात तशी अक्काच्या घराची कौलं काढलेली होती, आत ऊन पडलं होतं. भिंतींना चुना मारलेला. माग तसाच उभा, अर्धं विणलेलं कापड त्यावर. समोरच्या बाईनं लांबूनच सांगितलं की ते सगळे माळावर गेलेत, दहा-बारा दिवस झाले. घरात वास यायला लागला तेव्हा टोपलीमागे उंदीर सापडला म्हणे. आत्यानं मला घरी पाठवलं आणि एकटी माळाकडे गेली.

ती दिवेलागणीला आली. अंगावरच्या लुगड्यासकट नळाखाली बसली. बराच वेळ पाणी घेत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सहा हायत."

कोण नाही ते मी विचारलं नाही. माझ्या परकरावरचा भाताचा डाग धुतल्यावरही मला दिसत होता. तू सांगितलं असतंस तर वाचली असती, असं आत्या कधी म्हणाली नाही. नसती वाचली, असंही म्हणाली नाही.

उन्हाळ्यात अक्का घरी परतली आणि बाळ बघायला आली. बाळ गुबगुबीत झालं होतं. अक्कानं त्याला मांडीवर घेतलं, वाकळेच्या पोटात आत्यासारखीच दोन बोटं रोवली आणि विचारलं, "आत हाय ना माझं?" आत्या "हाय" म्हणाली. मी दाराआड उभी होते. मी बाहेर आले नाही. तिला कधीच सांगितलं नाही. ती असेपर्यंत रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलायची.

त्यानंतर अक्काकडे अस्तर मागायला कुणी गेलं नाही. ती आता त्यातली राहिली नव्हती. आमच्यातही आत्यानं पुन्हा कुठल्या मुलीला मुक्यानं कापड आणायला पाठवलं नाही, पण एका बाईनं सोडल्यानं रीत जात नाही.

पंधराएक वर्षं गेली. माझं लग्न सोलापुरातच झालं, चार लेकरं झाली, चारही जगली. एका सकाळी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. अनवाणी, परकराचा ओचा धरलेला. अक्काची नात होती ती. तिच्या मावशीची दोन बाळं गेली होती, आता तिसरं होणार होतं.

घर अक्काचं, आणि कापड मागायला माझ्याकडे.

मी तिला बसवून ठेवलं. सगळ्यांत चांगलं लुगडं काढलं, गालाला लावलं, उन्हात धरलं, कानाशी ताणलं. मग पातेल्यात पापडखार टाकून तिच्यासमोर उकळलं. ती डोळे विस्फारून बघत होती. वाळेपर्यंत तिला जेवू घातलं. दाराची फळी ओढून मागे बघितलं, ते मी रोजच बघते. मग लुगडं तिच्या ओच्यात घातलं आणि तिची हनुवटी धरून सांगितलं, "हे बघ. इथे, वाटेत, कुठेही काही वाईट दिसलं तर लगेच सांगायचं. थांबायचं, वळायचं, बोलायचं. बोललं तरी चालतं. ह्या कापडाचं काही जात नाही."

तिनं मान हलवली, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की बाईचं डोकं फिरलंय असं तिला वाटतंय. ओठ घट्ट मिटून ती निघाली. मी दारात उभी राहिले. गल्लीच्या टोकाला ती थांबली. वळली. आणि तिथून मोठ्यानं म्हणाली, "येते, काकू."

मीच शिकवलं होतं तिला ते. तरी खरं सांगते, ती बोलायला नको होती असंच मला वाटलं. तिच्या मावशीचं बाळ पाचवी ओलांडून पुढे गेल्याचं कळेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.